वाजवणारे जेवतात कुठं

आमच्या घरात टेपरेकॉर्डर होता, पेटी होती आणि एक जुनी ढोलकी होती. रविवारी सकाळी वंदना झाली की बाबा कॅसेट लावायचे, आणि सिंगापुरातल्या आमच्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून भीमगीतं खाली व्हॉइड डेकपर्यंत जायची. खाली खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत म्हातारे चिनी अंकल माहजाँग खेळत बसलेले असत. त्यांच्या ठोकळ्यांचा खडखडाट वर यायचा, आमचं गाणं खाली जायचं. कुणाची कुणाबद्दल तक्रार नव्हती. शेजारच्या मलाय मावशी तर गाण्याचा एक शब्द कळत नसताना दारात उभ्या राहून मान डोलवायच्या आणि जाताना आईकडून वाटीभर रस्सा घेऊन जायच्या. आईचा रस्सा झणझणीत असायचा. ज्वारीचं पीठ, काळा मसाला, वाळलेल्या मिरच्या हे सगळं महिन्यातून एकदा सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानांतून आणायचं. बस, मग MRT म्हणजे इथली मेट्रो, आणि येताना दोन्ही हातांत पिशव्या. आमच्या जुराँग भागात तेव्हा भाकरी भाजणारं घर बहुधा आमचंच होतं.

बाबा तुआसच्या एका शिपयार्डात पाइपिंगचे फोरमन होते. आयटीआय करून नागपूरहून मुंबईच्या गोदीत, तिथून इथं. यार्डातल्या ग्राइंडरनं त्यांचे कान अर्धे नेले होते, त्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलायचे. नवख्या माणसाला वाटे हे भांडतायत. आई म्हणायची, "यायच्या रागाचा अन् लोभाचा आवाज एकच." इंग्रजी त्यांचं यार्डातलं, हिंदी मुंबईची, आणि मनातलं काही बोलायचं असलं की वऱ्हाडी. मी, करुणा, त्या वेळी युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी मी, आणि पहिला मुलगाही मीच, म्हणजे माझ्या आधी कुणीच नव्हतं. हे मी सांगतच असते. इतरांना ते मिरवणं वाटतं. वाटू द्या, आम्हाला ते फुकट मिळालेलं नाही.

आमच्या आजोबांकडे गावात वाजवण्याचं काम होतं. काम म्हणजे पोटासाठी निवडलेलं नव्हे, गावानं लावून दिलेलं. कुणाचं लग्न, कुणाची वरात, पोळ्याची मिरवणूक, आजोबांनी डफडं गळ्यात अडकवून पुढे चालायचं. बदल्यात पायाशी टाकलेली नाणी आणि पंगत उठल्यावर उरलेलं अन्न, तेही आपल्याच भांड्यात, मांडवाबाहेर बसून. धम्म घेतला त्या वर्षी आजोबांनी डफड्याचं कातडं फाडलं, लाकडी कडं कुऱ्हाडीनं फोडलं आणि आजीनं त्या जळणावर भाकऱ्या भाजल्या. बाबा तेव्हा लहान होते, पण त्या भाकऱ्यांची चव त्यांना आठवायची. "कडू नव्हत्या," ते सांगायचे, "चांगल्या होत्या." त्यानंतर गावानं विहीर बंद केली, मजुरी बंद केली, आणि आजोबा बायकामुलं घेऊन नागपूरला आले. मिलमध्ये लागले. दुसरीकडे रामायण सांगतात तशी ही गोष्ट आमच्याकडे सांगितली जायची. मी लहानपणी एकदा विचारलं होतं की मग ढोलकी कशी चालते? बाबा म्हणाले, "ढोलकी आपन आपल्यासाठी वाजवतो. कोनाच्या वरातीसाठी नाई." एवढं साधं होतं ते.

या घरात वाल्दिर आले ते यार्डातून. ब्राझीलच्या तेल कंपनीसाठी एका जुन्या टँकरचं रूपांतर चाललं होतं; ते जहाज पुढे त्यांच्या समुद्रात एकाच जागी उभं राहून तेल काढणार होतं. जहाजाच्या मालकांनी आपली माणसं तपासणीला पाठवली होती, त्यांत वाल्दिर होते. बाहिया प्रांतातले, बाबांपेक्षा थोडे लहान, रंगानं आमच्या बाबांहून दोन छटा गडद, आणि बाबांच्या वेल्डिंगमध्ये रोज काहीतरी खोट काढणारे. पहिले तीन महिने बाबा घरी येऊन त्यांना शिव्या द्यायचे. मग कधीतरी एका जॉइंटवरून दोघांचं जोरात वाजलं, एक्स-रे काढला, आणि त्यात बाबा बरोबर ठरले. वाल्दिरनी सगळ्यांसमोर हेल्मेट काढून बाबांशी हात मिळवला. त्या दिवसापासून ते बाबांना 'मेस्त्रे' म्हणू लागले. बाबांना वाटलं हा मराठी शिकला. पुढे कळलं की त्यांच्या पोर्तुगीजमध्ये तो उस्तादाला लावायचा शब्द आहे आणि आपला मेस्त्रीही तिकडूनच आलेला. बाबांनी लगेच त्यांना रविवारी जेवायला बोलावलं.

ते आणि त्यांच्या पत्नी नेउझा आले. नेउझाबाईंनी डबाभर वडे आणले होते. भिजवलेल्या चवळीची सालं काढून, वाटून, लाल पाम तेलात तळलेले. आईनं एक तोडला, वास घेतला आणि म्हणाली, "हे तर आपले वडेच आहेत, फक्त जिरं राह्यलं." नेउझाबाई म्हणाल्या हे आमचे नाहीत, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या बायकांनी आणलेत; जहाजात सामान आणायची मुभा नव्हती म्हणून हातातलं कसब तेवढं आलं. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करत होते. आईनं ठेचा पुढे सरकवला. त्या दोघी त्यानंतर माझ्या भाषांतराशिवायच बोलत राहिल्या, कशा ते मला अजून कळलेलं नाही.

वाल्दिरनी येताना एक उंच ढोल आणला होता, आताबाके म्हणतात त्याला. लाकडी पिंप, वर बकऱ्याचं कातडं, दोरानं ताणलेलं. जेवणानंतर काहीतरी ऐकवावं म्हणून आणला होता, पण सिंगापूरच्या दमट हवेनं कातडं सैल पडलं होतं आणि आवाज ओल्या पोत्यासारखा येत होता. ते दोर आवळत बसले. बाबा खुर्चीवरून उठले नाहीत, हातही लावला नाही, लांबूनच म्हणाले, "दोर नको ओढू. फाटेल. आधी ऊन दाखव." ढोल गॅलरीत उन्हात ठेवला. अर्ध्या तासानं तो बोलायला लागला. वाल्दिरनी विचारलं की मेस्त्रे, तुम्हाला हे कसं माहीत? बाबांनी पानाचा डबा उघडला. मग म्हणाले की माझ्या वडिलांचं काम होतं ते, आम्ही सोडलं.

वाल्दिरना हे कळेना. सोडलं म्हणजे? त्यांच्याकडे तर उलटं होतं. त्यांची आजी ज्या पंथातली, त्यात देव ढोलावरच बोलावतात. तीन ढोल असतात, त्यांना कापड नेसवतात, कुणीही उठून त्यांना हात लावायचा नाही. पोलीस यायचे, ढोल उचलून न्यायचे, फोडायचे. आजी ढोल धुण्याच्या गाठोड्याखाली लपवायची. नुसती हातात खंजिरी दिसली तरी माणसाला चौकीत नेत. त्याच ढोलांच्या ठेक्यावर पुढे सांबा उभा राहिला, आणि मग तो रेडिओवर गेला, सुटाबुटातल्या गोऱ्या गायकांनी गायला आणि अख्ख्या देशाचं गाणं ठरला. "आमच्या लोकांनी ढोल सोडला असता," वाल्दिर म्हणाले, "तर आमच्याकडे आमचं असं काहीच उरलं नसतं. तुम्ही तो जाळला?"

यात थोडा ठपका होता. मी भाषांतर करताना तो जरा बोथट केला, पण बाबांना स्वराचा कान होता. ते रागावले नाहीत. त्यांनी पानाचा डबा बंद केला आणि सावकाश, माझ्याकडे न बघता, थेट वाल्दिरना सांगितलं, आपल्या तोडक्या इंग्रजीत. मी मराठीत लिहिते: "तुमच्याकडून त्यांनी हिसकावलं, म्हणून तुम्ही धरून ठेवलं. आमच्या गळ्यात त्यांनी अडकवलं, म्हणून आम्ही काढून टाकलं. दोघांनी बरोबर केलं."

वाल्दिरनी मान हलवली. पटल्यासारखी की विचारात पडल्यासारखी, सांगता येणार नाही. मग आईनं चहा आणला.

मला मात्र तो ठेका सोडेना. नेउझाबाईंनी मला त्यांच्या कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत, बोलावलं. तिथल्या फंक्शन रूममध्ये दर रविवारी दुपारी ब्राझीलची मंडळी जमायची. यार्डातले तपासनीस, त्यांच्या बायका, एक दंतवैद्य. बाबांनी विचारलं, तिथं काय करतेस? मी खरं सांगितलं, शिकते. ते म्हणाले, "विद्या आहे, शीक. खोलीत शीक. पन मिरवनुकीत नाई, कोनाच्या समारंभात नाई." मी हो म्हटलं. मला तेव्हा मिरवणुकीची हौसही नव्हती.

मला सुर्दो दिला, ढोलांतला सगळ्यात मोठा, गळ्यातल्या पट्ट्यानं कमरेशी लटकवायचा आणि गोंडा लावलेल्या काठीनं मारायचा. तो रिओचा, तसा अलीकडचा, पत्र्याचा; पण वाल्दिरच्या मते पत्रा कुठलाही असो, त्याचं काम जुनंच आहे. ते शिकवताना गप्पाच जास्त मारायचे. ही जोड घंटी बघ, आगोगो, ही योरुबा लोकांची. हा आतल्या काडीला ओलं फडकं घासून रडवायचा कुइका, हा अंगोलाकडचा. हे एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, ते तर शेतात आणि गोदीत काम करताना चालायचं तेच. आमच्या देवळात मोठा ढोल बोलतो आणि लहान ढोल चालत राहतात, सांब्यात मोठा चालतो आणि लहान बोलतात. घर तेच आहे, फक्त कामं बदललीत. बाहियात कार्निव्हलच्या जथ्यांत काळ्यांना घेत नव्हते तेव्हा काळ्यांनी स्वतःचे जथे काढले, नुसत्या ढोलांचे, आणि आता जगभरचे पाहुणे तेच ऐकायला येतात. हे सगळं मी वहीत न लिहिता ऐकलं, आणि इंजिनिअरिंगच्या अर्ध्याअधिक गोष्टी विसरले तरी हे राहिलं.

परवा माझ्या मुलाच्या गाडीत असंच एक ब्राझीलचं गुळगुळीत गाणं लागलं, कॉफीच्या दुकानात लावतात तसलं. मी त्याला म्हटलं, यात खाली जे धपधप आहे ते अंगोलाचं. तो म्हणाला, "मा, इट्स जस्ट चिल म्युझिक लाह."  वन-नॉर्थला ऑफिस येईपर्यंत दोन सिग्नल होते, तेवढ्यात काय सांगणार.

जहाज तयार झालं. त्याला नाव द्यायचा समारंभ ठरला. मालकांकडचे साहेब रिओहून येणार, यार्डाचे मोठे लोक, एक बाई बाटली फोडणार, आणि आधी चिनी सिंहनृत्य, मग ब्राझीलच्या मंडळींचा सांबा. आमच्या जथ्यात दोन सुर्दो होते. एक ठोका टाकतो, दुसरा त्याला उत्तर देतो. दुसरा नसला तर सांबा लंगडतो. तो दुसरा ज्याच्याकडे होता त्याचे वडील तिकडे आजारी पडले आणि तो समारंभाच्या आधी निघून गेला. तो भाग येत असलेली मी एकटीच उरले होते. वाल्दिरनी मला विचारलं नाही. ते आणि नेउझाबाई रविवारी आमच्या घरी आले आणि त्यांनी बाबांना विचारलं.

मला वाजवायचं होतं. खूप. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून असं काही होत होतं ज्याला मार्क नव्हते. पण बाबा नाही म्हणाले असते तर मी गेले नसते, हेही खरं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि आई माझ्यामागे कणीक मळायची थांबली होती.

बाबांनी विचारलं, "नाचनार कोन?"

वाल्दिर म्हणाले, सगळे. वाजवणारेसुद्धा.

"वाजवनारे उभे कुठं राहनार?"

"स्टेजच्या बाजूला. पाहुण्यांच्या रांगेत."

"अन् वाजवनारे जेवतात कुठं?"

हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा नेउझाबाई हसल्या. म्हणाल्या, सगळ्यांच्या आधी, टेबलावर, नाहीतर भुकेनं ठेका चुकतो. मग त्यांनी बाबांचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं. वाल्दिरना समजायला थोडा वेळ लागला. ते पुढे झुकले आणि म्हणाले की माझे आजोबा मोठ्या घरांतून गिटार वाजवायला जायचे, तेव्हा त्यांना मागच्या दारानं घेत आणि स्वयंपाकघरात उभ्यानं जेवू घालत. "तो दरवाजा मला माहीत आहे, मेस्त्रे. करुणा माझ्या टेबलावर जेवेल."

"पैसे?"

"कुणी देणार नाही. दिले तर मीच भांडेन."

बाबा उठून गॅलरीत गेले. कठड्यावर हात टेकून त्यांनी खाली बघितलं, नाक शिंकरलं आणि परत आले. "जाऊ दे तिले," ते आईला म्हणाले, जणू आईनंच अडवलं होतं. मला म्हणाले, "पैसा घ्यायचा नाई. नोट नाई, नाणं नाई, कोनी कितीबी मोठा असो."

मी म्हटलं, नाही घेणार.

समारंभाच्या दिवशी ऊन असं होतं की डेकच्या रंगाचा वास घशात बसत होता. आज तुआसपर्यंत MRT जाते. तेव्हा बून ले स्टेशनपासून यार्डाच्या बसनं जावं लागे, आणि मी सुर्दो मांडीवर घेऊन, मजुरांच्या मधोमध बसून गेले. जहाज धक्क्याला लागलेलं, पताका लावलेल्या. आधी सिंहनृत्यवाले आले. त्यांचा ढोल, त्यांच्या झांजा, कानठळ्या बसवणारं ते सगळं झालं आणि यार्डाचे जनरल मॅनेजर मिस्टर टिओ यांनी सिंहाच्या तोंडात शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट दिलं. मग आम्ही. आम्ही वाजवलं. पहिली दोन मिनिटं मला काहीच ऐकू आलं नाही, नंतर ठेका पायांतून वर आला आणि मी त्याच्या आत उभी होते. रिओहून आलेले साहेब टाय सैल करून नाचायला लागले. पहिला भाग संपला, टाळ्या झाल्या, आता बाटली फुटणार आणि मग दुसरा भाग.

तेवढ्यात मिस्टर टिओ आमच्याकडे आले. मागे त्यांची सेक्रेटरी, तिच्या हातातल्या ताटात लाल पाकिटं. त्यांनी एक पाकीट दोन्ही हातांनी वाल्दिरपुढे धरलं, आणि वाल्दिरनी, तेच वाल्दिर जे भांडणार होते, हसत ते घेतलं आणि खिशात टाकलं. मग घंटीवाल्यानं घेतलं. मग ते माझ्यासमोर आले. तेच दोन्ही हात, तीच किंचित झुकलेली मान. माझ्या उजव्या हातात काठी होती. मी हात पुढे केला नाही.

ते थांबले. त्यांना वाटलं माझं लक्ष नाही, म्हणून त्यांनी पाकीट आणखी थोडं पुढे केलं. मी मान हलवली. बारशाच्या दिवशी, जहाजासमोर, आंगपाव, ते लाल पाकीट, नाकारणं म्हणजे काय हे इथं वाढलेल्या मला माहीत होतं. जहाजाचं नशीबच नाकारल्यासारखं ते. सेक्रेटरीचा चेहरा उतरला. नेउझाबाई कुजबुजल्या, घे ना, काय झालं? आणि मला पलीकडे फोरमन लोकांच्या रांगेत बाबा दिसले. त्यांचा जबडा असा आवळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांना काय दिसत होतं ते मला कळत होतं. मुलीच्या गळ्यात ढोल आणि समोर पैसे घेऊन उभा असलेला मोठा माणूस. एवढा समुद्र ओलांडून परत तेच.

ते रांग सोडून आले. सेफ्टी शूज, हेल्मेट, इस्त्रीचा सदरा. मिस्टर टिओंच्या समोर उभे राहून ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, म्हणजे सगळ्या धक्क्यानं ऐकलं: "सर, माझी मुलगी आहे. इंजिनिअर होते आहे. पैशासाठी वाजवत नाही."

मिस्टर टिओंनी पाकीट खाली केलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते गोंधळले होते. बाबांना नावानं हाक मारत म्हणाले, "हरी, नॉट मनी लाह. शिप लकी, एव्हरीबडी लकी." आणि मग, समजावण्याच्या सुरात: "न्यू इयरला मी तुलाही देतो. तू दोन्ही हातांनी घेतोस ना?"

बाबांनी पाकिटाकडे पाहिलं. दर वर्षी चिनी नववर्षाला ते यार्डातून लाल पाकीट आणायचे, आईच्या हातात द्यायचे, हे मी पाहिलं होतं. त्यांनी ते कधी भीक मानलं नव्हतं, बक्षीसही नाही. साहेबानं मान झुकवून दिलं, त्यांनी मान झुकवून घेतलं. ते आता त्यांच्याच डोक्यात चाललेलं होतं, आणि त्यांना घाई करता येत नव्हती. सिंहाच्या पोशाखातली पोरं सिंहाचं डोकं काढून बघत होती. कुणीतरी माइकमध्ये उगाच 'टेस्टिंग' म्हणालं.

मग बाबांनी माझ्याकडे हात केला. "काठी दे इकडं."

मी दिली. त्यांनी ती धरली, गोंडा वर करून, जशी धरायची असते तशी.

"आता घे. दोनी हातानं घे."

मी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं. मिस्टर टिओंनी मान झुकवली, मीही झुकवली, आणि ते पुढच्या माणसाकडे गेले. एवढंच झालं. बाबांनी मला काठी परत दिली आणि कानाशी येऊन, त्यांच्या मानानं हळू आवाजात म्हणाले, "तुया ठोका उशिरा पडून राह्यला. त्याच्या हाताकडं पाहू नको. ऐक." आणि परत आपल्या रांगेत जाऊन उभे राहिले.

ते बरोबर होते, मी समोरच्या सुर्दोवाल्याच्या हाताकडे बघूनच वाजवत होते. दुसऱ्या भागात मी डोळे मिटले.

जेवण तंबूत होतं, गोल टेबलं, पांढरी कापडं. फोरमन लोकांची टेबलं वेगळी होती, आमचं वाल्दिरबरोबर पुढे. बाबा ताट घेऊन आमच्या टेबलाशी आले, मी कुठं बसले ते पाहिलं, ताटात काय आहे तेही पाहिलं. मग एक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि वाल्दिरना विचारलं, "तू भांडनार होता ना?" वाल्दिर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पैसे कुठं दिले, ते म्हणाले, त्यांनी तर नशीब दिलं. बाबा म्हणाले, इन्स्पेक्टर लोकांचं नेहमीचंच आहे, जॉइंट तोच, रिपोर्ट बदलतो.

परतताना बस जवळजवळ रिकामी होती. बाबा खिडकीशी बसले होते. बाहेरच्या क्रेन बघत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्या बापाले कोनी दोनी हातानं काई देल्लं नाई. वरूनच टाकत." मी सुर्दो मांडीवर नीट धरला.  पुढे डिग्री होईपर्यंत मी त्या जथ्यात वाजवत राहिले आणि बाबा जमेल तेव्हा ऐकायला यायचे, बाजूला उभे राहून. वाजवलं मात्र त्यांनी कधीच नाही. वाल्दिरनी कितीदा काठी पुढे केली, ते म्हणत, "नाई. माह्या बापानं सोडलं ते मी नाई धरनार. तिचं येगळं आहे." त्यांचा निर्णय होता, आणि मला तो माझ्या वाजवण्याइतकाच बरोबर वाटतो. आमच्या इथल्या तरुण मंडळींना हे सांगितलं की ती वाद घालतात, एकतर त्यांनी वाजवायला हवं होतं किंवा तुम्ही वाजवायला नको होतं. मी त्यांना म्हणते, तुम्ही त्या बसमध्ये नव्हता.

बून लेला उतरल्यावर बाबांनी माझ्याकडून पाकीट मागून घेतलं, तिथंच फोडलं आणि इंटरचेंजशेजारच्या दुकानात शिरले. बर्फावर पापलेटं मांडलेली होती. आमच्याकडे पापलेट सणासुदीलाच यायचं. त्यांनी सगळ्यांत मोठं निवडलं, डोळे आणि कल्ले बघून, दुकानदाराला दोनदा उलटवायला लावून. मी म्हटलं, बाबा, ते जपून ठेवतात ना? नशिबाचे आहेत. ते म्हणाले, "मेहनतीचे आहेत. मेहनतीचा पैसा खाऊन टाकाव."

आईनं पिशवी उघडली आणि विचारलं, आज काय आहे, पगार तर झाला नाही.

बाबा बूट काढत होते. मान वर न करता, ओरडूनच, म्हणजे शेजारच्या मावशींनाही ऐकू जाईल असं ते म्हणाले, "पोट्टीनं वाजवून आनलं."

आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग विळीवर बसली आणि मासा उलटा करत म्हणाली, "मंग मधला तुकडा तिले."